धारवाडची नोकरी

कल्याणच्या निर्वासित छावणीत मराठी घरं फार थोडी होती. त्यांतलं एक नाबर मायलेकींचं. शेजारच्या सिंधी बायकांना त्यांचं नवल वाटायचं. "हा तर तुमचाच मुलूख, मग तुम्ही इथे आमच्यात कशा?" असं त्या विचारत. लेक पद्मजा हसून विषय सोडून देई. तिचा जन्म कराचीचा. शिक्षण तिथलं, आणि तिथल्याच मुलींच्या शाळेत तिनं बरीच वर्षं शिकवलं होतं. या मुलखात त्यांचं म्हणावं असं एकच माणूस होतं, गिरगावातला मामेभाऊ गुरुदत्त. आणि त्याच्या एका खोलीत आधीच पाय ठेवायला जागा नव्हती.

सत्तेचाळीसच्या नोव्हेंबरात दोघी बोटीनं मुंबईला उतरल्या. धाकटा भाऊ बाळ मागे राहिला. तो बंदरावर कारकून होता. साहेब सोडत नव्हता आणि घरातलं सामानही विकायचं होतं. छावणीत जागा मिळाल्यावर पद्मजानं त्याला पत्ता कळवला. संक्रांतीच्या आत येतो, असं त्याचं कार्ड आलं. मग जानेवारीत कराचीत दंगल झाली, आणि त्यानंतर त्याच्याकडून काहीच आलं नाही.

त्यांची जागा म्हणजे लढाईच्या दिवसांत सोल्जरांसाठी बांधलेल्या लांबलचक बरॅकीचा एक तुकडा. मध्ये गोणपाटाचे पडदे टांगून एकेका बरॅकीत कितीतरी कुटुंबं बसवली होती. पलीकडचा खोकला, भांडण, पोराचं रडणं, सगळं अलीकडे यायचं. नळ बाहेर, संडास त्याहून लांब, आणि तिथे माश्यांचं राज्य. अंघोळीला बायका चादर धरून एकमेकींना आडोसा करत.

पद्मजाची आई, माई, रोज छावणीच्या फाटकाशी जाऊन बसे. नव्या माणसांचे ट्रक येत तेव्हा ती एकेकाच्या तोंडाकडे बघे आणि मोडक्या हिंदीत विचारी, "कराची से? बाळ नाबर को देखा?"

अठ्ठेचाळीसच्या पावसाळ्यात पलीकडच्या पडद्याआड टेकचंद आणि त्याची बायको मोतीबाई राहायला आली. टेकचंद बाळच्याच ऑफिसात चपराशी होता. नाबर हे आडनाव कानांवर पडल्यावर तो दोन दिवस गप्प होता. मग एकदा नळावर पद्मजा एकटी भेटली, तेव्हा हातातली बादली खाली ठेवून तो म्हणाला, "बेटी, बाळबाबू नहीं आयेगा. रतन तलाव के पास रस्ते पर पडा था. मैंने अपनी आँखों से देखा."

पद्मजानं बादली भरली आणि घरी आणली. माई तापानं फणफणलेली होती. छावणीत त्या वर्षी हिवताप घरोघर होता. ताप उतरल्यावर सांगू, असं पद्मजानं ठरवलं. ताप उतरला तेव्हा माईच्या अंगात काही उरलं नव्हतं. जरा अंग धरू दे, मग सांगू, असं तिनं ठरवलं. माईनं अंग धरलं आणि पहिल्यांदा उठली ती थेट फाटकाकडे गेली. मग सांगायचं राहूनच गेलं. टेकचंदलाही पद्मजानं शपथ घातली होती.

छावणीचं उल्हासनगर झालं. लोकांनी दुकानं टाकली, पापड लाटले, कपड्यांचे गठ्ठे घेऊन गावोगाव फिरले. कुणी भिंती बांधल्या, कुणी पत्रे घातले. सरकारनं नाबरांनाही दुसऱ्या भागात बरी खोली देऊ केली, पण माईनं साफ नाही म्हटलं. "बाळला हाच नंबर कळवलाय. तो इथेच येणार." पद्मजाला अंबरनाथला स्टेशनाजवळच्या एका शाळेत नोकरी लागली होती. सकाळी चालत जायचं, संध्याकाळी चालत यायचं, आणि आल्यावर माई विचारणार, "स्टेशनावर कोणी भेटलं का गं?" पद्मजा म्हणायची, "नाही माई." ही उत्तरं देऊन देऊन तिचा आवाज असा झाला होता, की शाळेतल्या मुली तिला घाबरत.

बावन्न साली धारवाडहून बोलावणं आलं. कराचीच्या शाळेत तिच्या हेडमिस्ट्रेस असलेल्या इंदिराबाई कोप्पीकर आता तिथे मुलींच्या ट्रेनिंग कॉलेजात होत्या. त्यांना शिकवायला आणि वसतिगृह सांभाळायला भरवशाची बाई हवी होती. राहायला दोन खोल्या मिळणार होत्या. आईला घेऊन ये, इथे मराठी माणसं पुष्कळ आहेत, असं त्यांनी कळवलं.

परीक्षेचं काम आहे असं माईला सांगून, तिला मोतीबाईच्या हवाली करून पद्मजा धारवाडला जाऊन आली. गाव चढउतारांचं, तांबड्या मातीचं. जिकडे बघावं तिकडे शाळा, कॉलेजं, हातात पुस्तकं घेतलेली पोरं. इंदिराबाईंनी तिला खोल्या दाखवल्या. मागच्या बाजूला न्हाणीघर होतं, त्याला लाकडी दार आणि आतून कडी. पद्मजानं पाणी काढून घेतलं, कडी लावली आणि चार वर्षांत पहिल्यांदा सगळे कपडे उतरवून अंघोळ केली. पाणी संपल्यावरही ती पाटावर तशीच बसून राहिली. बाहेरून इंदिराबाईंनी हाक मारली, "पद्मजा, बरी आहेस ना?"

"हो बाई, आले."

"जूनमध्ये रुजू व्हायचं. मेअखेर मला कळव. त्यानंतर मला दुसरी बाई बघावी लागेल," जेवताना इंदिराबाई म्हणाल्या. "आईचं काय ते तू ठरव. पण स्वतःकडेही बघ. तू किती वाळलीस!"

परतीच्या गाडीत पद्मजाला एकच कळत होतं. माईला न्यायचं तर बाळचं सांगावं लागेल. न सांगता माई तिथून हलणार नाही. एप्रिल असाच गेला. मे सुरू झाला. रोज शाळेतून येताना ती वाक्यं जुळवी आणि बरॅकीच्या दारात आली की ती तोंडातल्या तोंडात विरत.

शेवटी एका संध्याकाळी माई तांदूळ निवडत होती, तेव्हा ती समोर बसली.

"माई, धारवाडला नोकरी मिळतेय. दोन खोल्या आहेत. आपण दोघी जाऊ."

"आणि बाळ?"

"बाळ येणार नाही, माई."

माईचा हात सुपात थांबला. "कोण म्हणतं?"

"टेकचंदकाकांनी पाहिलं होतं. दंगलीत. त्याच दिवशी गेला तो."

"कधी सांगितलं त्यांनी तुला?"

"ते इथे आले तेव्हा."

माई तिच्याकडे बघत राहिली. रडली नाही, ओरडली नाही. "म्हणजे चार वर्षं तुला माहीत होतं," ती सावकाश म्हणाली, "आणि चार वर्षं मी फाटकावर जात होते ते तू बघत होतीस. आणि आज नोकरी आली तेव्हा तुला आठवलं. पदू, नोकरीसाठी भावाला मारलंस?"

"माई, काय बोलतेस!"

माई उठली. सूप कलंडलं, तांदूळ सांडले. तिनं मधला पडदा बाजूला केला आणि टेकचंदसमोर उभी राहिली. तो खाटेवर बसून कापडाचे तुकडे घड्या घालून रचत होता. अंबरनाथ स्टेशनाबाहेर बसून तो ते विकायचा. मोतीबाई शेगडीपाशी होती.

"सच बोलो," माई म्हणाली. "मेरा बाळ मर गया? तुमने देखा?"

टेकचंदनं माईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग तिच्यामागे उभ्या असलेल्या पद्मजाकडे पाहिलं. मोतीबाईनं पदर तोंडाला लावला होता.

"नहीं माई," शेवटी तो म्हणाला. "दूर से देखा था. कोई और होगा. बाळबाबू नहीं था."

"काका!" पद्मजा ओरडली.

टेकचंद खाली मान घालून घड्या घालत राहिला. माई वळली. पद्मजाच्या शेजारून जाताना तिनं तिला पदरही लागू दिला नाही. आत जाऊन ती सांडलेले तांदूळ वेचायला लागली.

पद्मजाला त्या रात्री वाटलं, की आता एकटीनंच निघून जावं. मोतीबाईनंही तिला तेच सांगितलं, "तू जा. माई को मैं देखूंगी." पैसे पाठवता येतील, सुटीत येता येईल. तिनं ट्रंक काढून पुसलीही. पण टेकचंदच्या त्या शब्दांनी माईच्या मनात भलतंच घर केलं होतं. रस्त्यावर पडलेला दुसरा कोणी होता, तर बाळ जिवंत आहे. जिवंत असून येत नाही, म्हणजे तो कुठेतरी जखमी असणार, आठवण गेली असणार, कुठल्यातरी इस्पितळात पडला असणार. तिला फाटक पुरेनासं झालं. पद्मजा शाळेत गेली की ती निघायची. कधी अंबरनाथच्या शिवमंदिरापाशी यात्रेकरूंच्या घोळक्यात सापडे, कधी थेट बदलापूरच्या रस्त्याला. मोतीबाई तिच्यामागे धावून दमली. एकदा माई दुपारी गेली ती दिवेलागणीला कल्याण स्टेशनच्या फलाटावर मिळाली. अनवाणी होती. पोलीस शिपाई म्हणाला, "बाई, म्हातारीला अशी सोडू नका. रुळावर उतरत होती."

दुसऱ्या दिवशी पद्मजानं इंदिराबाईंना नकार कळवला. कारण लिहिलं नाही. ट्रंक पुन्हा खाटेखाली सारली.

टेकचंदशी ती बोलत नव्हती. पण एका छताखाली किती दिवस तोंड चुकवणार? गणपतीच्या सुमाराला तो नळावर एकटा होता, तेव्हा तिनं त्याला गाठलं. "काका, तुम्ही खोटं का बोललात? माझं काय झालं बघितलंत?"

टेकचंद म्हातारा दिसायला लागला होता. "झूठ कौन सा था, मुझे भी नहीं मालूम," तो म्हणाला. आणि मग त्यानं जे सांगितलं ते मोतीबाईशिवाय कुणाला माहीत नव्हतं. दंगलीच्या दिवशी तो बायकोला घेऊन टांग्यातून पळत होता. बाळ रस्त्याच्या कडेला पडलेला त्यानं ओळखला. चष्मा, करडा कोट, कपाळ फुटलेलं. टांगेवाला थांबला नाही आणि यानंही त्याला थांब म्हटलं नाही. बाळचा श्वास चालू होता की नव्हता, ते त्यानं बघितलं नव्हतं. "तुझे बोला मर गया. मर गया बोलता हूँ, तो मुझे नींद आती है. माई ने पूछा, तो सोचा, कौन जाने."

पद्मजा नळाच्या कट्ट्यावर बसली. चार वर्षं तिनं जे खरं म्हणून एकटीनं उरावर वागवलं होतं, तेही आता धड खरं राहिलं नव्हतं. टेकचंद तिची बादली भरून दारापर्यंत घेऊन आला. तिनं नको म्हटलं नाही.

पुढची वर्षं तशीच गेली. पद्मजानं अंबरनाथची शाळा सोडून छावणीतल्याच शाळेत कमी पगारावर काम धरलं, म्हणजे मधल्या सुटीत घरी येऊन माईला बघता येई. माई तिच्या हातचं जेवे, पण तिच्याशी कामापुरतंच बोले. नवीन कोणी आलं की पडद्याआडून ऐकू येई, "माझ्या लेकीला कॉलेजात जायचं होतं ना, म्हणून भाऊ मेला म्हणाली." पद्मजा तेव्हा पोळ्या लाटत असे किंवा वह्या तपासत असे. पहिल्यांदा ती हातातलं काम टाकून बाहेर जाई. नंतर जाईनाशी झाली. टेकचंद पंचावन्न साली गेला. त्याच्या मर्तिकाला माई खूप रडली. तो एकटाच खरं बोलला होता, असं तिचं मत होतं.

सत्तावन्नच्या पावसाळ्यात माईला निमोनिया झाला. शेवटच्या दिवसांत ती पद्मजाला ओळखत नव्हती, मोतीबाईला ओळखायची. एकदाच तिनं पद्मजाचा हात धरला आणि म्हणाली, "बाई, तुम्ही नर्स का? माझ्या मुलाला आधी बघा." त्यानंतर दोन दिवसांनी ती गेली.

क्रियाकर्माला गुरुदत्त गिरगावातून आला. शिवमंदिराजवळ नदीच्या काठावर भटजींनी पिंड मांडले. पाणी गढूळ होतं आणि पाऊस थांबून थांबून येत होता. पद्मजा थोडी मागे छत्री धरून उभी होती, मोतीबाई तिच्या शेजारी. वडिलांचं नाव, आजोबांचं नाव घेऊन झालं. मग भटजींनी विचारलं, "घरात आणखी कोणी गेलेलं आहे? ज्याचं काही करायचं राहिलं असेल?"

गुरुदत्तनं मागे वळून पद्मजाकडे पाहिलं. त्याला सगळी हकीकत माहीत होती.

पद्मजाच्या डोळ्यांसमोर रस्त्याची कड आली, तिनं कधी न पाहिलेली. चष्मा, करडा कोट. तो कोट तिनंच शिवून घ्यायला लावला होता. श्वास चालू असेल तरी किती वेळ चालला असेल? दहा वर्षं होत आली होती, आणि या दहा वर्षांत बाळसाठी कोणीही रडलं नव्हतं. माई वाट बघत राहिली. आपण लपवत राहिलो, मग पटवत राहिलो. रडायला कुणाला सवडच झाली नाही.

"बाळकृष्ण," ती म्हणाली. "माझा भाऊ. लहान होता माझ्याहून."

"तिथी माहीत आहे?"

"जानेवारीतली तारीख आहे. सहा. अठ्ठेचाळीस साल."

भटजींनी पंचांग नसल्यामुळे तिथी नंतर काढू म्हटलं आणि गुरुदत्तच्या हातावर पाणी सोडलं. पद्मजाच्या हातातली छत्री खाली गेली. मोतीबाईनं ती उचलली आणि दुसऱ्या हातानं तिला धरलं. पद्मजा तोंड उघडून, लहान मुलासारखी रडत होती. नदीवर धुणं धुणाऱ्या बायका हात थांबवून बघायला लागल्या. आईसाठी एवढी रडते, असं त्यांना वाटलं असेल.

गुरुदत्तनं जाताना विचारलं, "आता धारवाडला का जात नाहीस? लिहून बघ." तिनं लिहिलं. इंदिराबाई निवृत्त होऊन मुलीकडे गेल्या होत्या. कॉलेजात जागा नव्हती. पद्मजानं त्यावर पुन्हा काही विचारलं नाही. ती तेव्हा एक्केचाळीस वर्षांची होती. पुढच्या वर्षी तिनं अंबरनाथ पश्चिमेला स्टेशनाजवळ एक खोली भाड्यानं घेतली आणि एकट्या पडलेल्या मोतीबाईला आपल्याकडे आणलं. खोलीला न्हाणी नव्हती, मोरी होती. सुताराकडून तिनं मोरीला दार करून घेतलं.