आत्याला आणायची गाडी

आमची गाडी सहा वर्षं शेडमध्ये उभी होती आणि तिच्यात काहीही बिघाड नव्हता. बिघाड माझ्या वडिलांत आणि आत्यात होता. वडिलांना घरात सगळेच भाऊ म्हणत. एका लग्नानंतर भाऊंनी आधी पाहुण्यांना घरी सोडलं आणि थोरल्या बहिणीला रावेरच्या स्टँडवर दोन तास बसवून ठेवलं. ते पोचले तेव्हा आत्या धुळ्याच्या एसटीत चढत होती. पायरीवरूनच म्हणाली, "भाऊ, तुह्या गाडीत मी पुन्हा पाय ठेवनार नही."

"मग कोनीच ठेवनार नही," असं घरी येऊन भाऊंनी जाहीर केलं आणि गाडी शेडमध्ये घातली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडच्या झाडून सगळ्या लेकी माहेरी येतात. आत्या यायची बंद झाली.

आईने मात्र गाडी वाया जाऊ दिली नाही. काचा लावल्या की आत छान ऊब धरते, हे तिच्या लक्षात आलं आणि मागच्या सीटवर ती केळी पिकत घालू लागली. आमच्या सावद्यात केळी पिकवायच्या खोल्या पुष्कळ होत्या. स्टिअरिंग असलेली आमचीच.

सातव्या वर्षी, आत्या आठ दिवस दवाखान्यात राहून आली, असं पत्र आलं. भाऊंनी ते दोनदा वाचलं. "या आखाजीले अक्काले घेऊन येतो," म्हणाले. मी म्हटलं, एसटीने जाऊ. "गाडीवरून गेली, गाडीनंच येईल." माझ्या वडिलांना साधी माफी मागायची तरी आधी इंजिन खोलावं लागे.

मिस्त्री एरवी विहिरींवरचे पंप दुरुस्त करायचा. जाम झालेल्या इंजिनात त्याने डिझेल ओतलं आणि दोन दिवस थांबायला सांगितलं. भाऊ दोन्ही दिवस शेजारी खुर्ची टाकून बसले. उंदरांनी केळी सोडून वायरिंग खाल्लं होतं, हे आईने मनाला लावून घेतलं. केळ्यांचं पाणी झिरपून मागच्या सीटपुढचा पत्रा सडला होता. तो बदलायला वेळ नव्हता, म्हणून भाऊंनी भोकावर बारदान टाकलं. शेवटी ट्रॅक्टरला दोर बांधून गाडी गावाबाहेरपर्यंत ओढली. तिने काळा धूर ओकला आणि चालू झाली. भाऊ हसले नाहीत. "आता बंद नका करू," एवढंच म्हणाले.

धुळ्यापर्यंत ते ओठातल्या ओठात काहीतरी पाठ करत होते. मला धास्ती होती. आत्या आमच्याच घरातली. बोललेला शब्द ती मोडणार नव्हती.

ती ओट्यावर आली. फार वाळली होती. हातात पिशवी होती, म्हणजे यायचं मनात होतं. भाऊंनी मागचं दार उघडलं. गाडीकडे बघत ती म्हणाली, "मी काय बोलली होती, ध्यानात हाय ना?"

भाऊ सगळं पाठांतर विसरले. घाईघाईने त्यांनी बारदान उचललं. "अक्का, पाय ठेवूच नको. खालचा पत्रा गेला."

आत्याने भोकातून दिसणारा रस्ता नीट पाहून घेतला. मग बाहेरूनच सीटवर टेकली, पाय वर ओढले आणि मांडी घालून बसली. सावद्यापर्यंत तशीच. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. आत्या फक्त म्हणाली, "केळ्याचा वास येते रे, भाऊ."

मिस्त्रीने पुढे दोनदा नवा पत्रा कापून आणला. भाऊंनी दोन्ही वेळा परत पाठवला. "राहू दे ते भोक," म्हणाले, "अक्काले गाडीत बसावं लागते."