पडवीतलं पोळं

माझी बायको कशाला भ्यायची नाही. विहिरीत पडलेलं करडू तिनं स्वतः खाली उतरून वर आणलं होतं. घरात साप निघाला की आम्ही सगळे अंगणात आणि ती काठी घेऊन आत, असं चालायचं. त्यामुळं त्या वर्षी ती उंबऱ्याबाहेर पाय टाकेनाशी झाली, तेव्हा मला काय करावं ते सुचेना.

गौरी-गणपती नुकतेच होऊन गेले होते. आमचं घर वरकुट्याला, गावाबाहेर वस्तीवर, तिन्ही बाजूंनी ऊस. सकाळी ती पडवी झाडत होती. पत्र्याखाली, लोखंडी पाइपाला गांधीलमाश्यांनी पोळं केलं होतं, हे आम्हाला दोघांनाही माहीत होतं. आज काढू, उद्या काढू म्हणत मी दोन महिने घालवले होते. जळमटं काढताना लांब झाडूचा दांडा पाइपाला लागला आणि एक माशी तिच्या मानेला डसली.

गांधीलमाशी चावणं आमच्याकडं काही नवीन नाही. चुना लावायचा, चार शिव्या द्यायच्या आणि कामाला लागायचं. मीही चुनाच लावला. पण थोड्याच वेळात तिच्या अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, आवाज बदलला. ती गळ्याला हात लावून म्हणाली, "अवो, आत आवळल्यावानी व्हतंय."

शेजारच्या तात्यांनी पिकअप काढली. इंदापूरला पोचेपर्यंत तिचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. डॉक्टरांनी लागोपाठ दोन इंजेक्शनं दिली, संध्याकाळपर्यंत सलाईन लावून ठेवलं. सोडताना ते मला म्हणाले, "तिला या माश्यांचं विष सोसत नाही. पुढच्या वेळी चुना लावत बसू नका, तडक इथं आणा."

बाकीचं ती विसरली, पण 'पुढच्या वेळी' एवढं तिच्या डोक्यात राहिलं.

घरी आल्यावर तिनं पडवीकडचं दार लावून घेतलं. भाजीचा वाफा बघायला जाईना, कपडे आत मोरीवर वाळत घालू लागली. दूध घालायला डेअरीत मीच जाऊ लागलो. माशी घोंगावली, मग ती साधी घरमाशी असली तरी, ती हातातलं टाकून आतल्या खोलीत पळायची. मी एकदा हसलो. त्या दिवशी ती जेवली नाही. त्यानंतर मी हसलो नाही.

पोळं घालवायचंच म्हणून एका दुपारी मी काठीला फडकं गुंडाळलं, रॉकेलमध्ये बुडवलं आणि पेटवून वर धरलं. भर उन्हात माश्या काय जाग्या असतात ते तेव्हा कळलं. त्या चहूबाजूंनी उठल्या. मला तीन ठिकाणी चावल्या, जळतं फडकं खाली पडलं आणि पडवीतली ताडपत्री पेटली. बादलीभर पाणी ओतून ती विझवताना माझं लक्ष खिडकीकडं गेलं. बायको आतून काचेवर हात मारत होती, तोंड उघडं, पण आवाज फुटत नव्हता. बाहेर यावं तर माश्या आणि आत थांबावं तर मी पेटतोय. तिचं ते तोंड मला आजही आठवतं.

पोळं मात्र अर्धंच जळलं होतं. आठ दिवसांत त्यांनी ते पुन्हा बांधून काढलं.

दिवाळीनंतर माझी सासू आली. मी तिला मामी म्हणतो. मोरगावहून बारामतीला एक एसटी, तिथून इंदापूरला दुसरी, असा प्रवास करून ती सत्तरीतली बाई पिशवीभर बाजरी घेऊन उतरली. लेकीला दारामागं बसलेली बघितलं, वर पोळं बघितलं आणि मला म्हणाली, "जावईबापू, दुपारचं कुणी गेलंय व्हय त्यांच्याकडं?"

"मग कधी जायचं?"

"थंडीत, उजाडायच्या येळंला. तवा त्या गारठल्याल्या असत्यात. अन् जाळायचं न्हाय. नुसता धूर."

दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं घमेल्यात गोवऱ्यांचा विस्तव केला, वर ओला कडुलिंबाचा पाला टाकला. बायकोला आत बसवून दारं-खिडक्या बंद केल्या, फटींत जुन्या कपड्यांची धडपी कोंबली. मी घोंगडी पांघरून, तोंडाला टॉवेल गुंडाळून शिडीवर चढलो आणि घमेलं पोळ्याखाली धरलं. पांढरा, कडू धूर सरळ वर गेला. माश्या हलल्या, पण दुपारसारख्या नाहीत. एकेक करून जड अंगानं उडाल्या, उसाकडं गेल्या. काही खाली पडल्या. माझे डोळे गळत होते, हात भरून आले होते. मामी खालून सारखी म्हणत होती, "गडबड करू नगा. जाऊ द्या त्यास्नी. जाऊ द्या."

उजाडलं तेव्हा पोळ्यावर एकही नव्हती. मी विळ्यानं देठ कापला. मामीनं त्या जागेला साबणाचं पाणी लावून घासायला लावलं, वर कडुलिंबाचं तेल फासायला लावलं. "वास ऱ्हायला तर परत तितंच येत्याल," ती म्हणाली. दोन-तीन दिवस काही माश्या आल्याही, पाइपाभोवती फिरल्या आणि गेल्या. पाइपांची उघडी तोंडं मी सिमेंटनं बुजवली.

त्या सकाळी मामीनं कापलेलं पोळं सुपात घालून लेकीपुढं ठेवलं. बायको आधी मागं सरली. मग मामीच तिच्याजवळ बसली आणि तिचा हात धरून त्यावर ठेवला.

बायकोनं ते उचललं, उलटंसुलटं केलं. मग म्हणाली, "काहीच वजन न्हाय की गं ह्याला."

पोळ्याच्या काही घरांत पांढऱ्या अळ्या अजून वळवळत होत्या. त्या बघून तिचा चेहरा उतरला. मामी म्हणाली, "व्हय, वाईट वाटतंय. पण तू मला जास्त हायेस." आणि सूप उचलून कोंबड्यांकडं घेऊन गेली.

बायको लगेच बरी झाली असं नाही. मामी पंधरा दिवस राहिली आणि रोज सकाळी, गारवा असेपर्यंत, लेकीला घेऊन घराभोवती चालली. पहिल्या दिवशी पडवीच्या पायरीपर्यंत, मग तुळशीपर्यंत. मामी गेल्यावर ती फेरी आम्ही दोघं मारू लागलो. जायच्या आदल्या दिवशी मामीनं सांगून ठेवलं होतं की, उन्हाळा लागताना नीट बघत जा, तेव्हा पोळं रुपयाएवढं असतं आणि त्यावर एकटीच माशी असते. तेव्हाच काढलं तर धुराचीही गरज लागत नाही.

तसंच झालं. फाल्गुनात बायकोनं लांबूनच दोन पोळी हेरली, एक मोरीच्या खिडकीवर, एक गोठ्याच्या आढ्याला. ती आत गेली आणि मी लांब वेळूनं दोन्ही पाडली. डॉक्टरांचा नंबर दारामागं मोठ्या अक्षरांत लिहिलेला आहे आणि तात्यांची पिकअप कुठं आहे हे आम्हाला कायम माहीत असतं.

यंदा बांधावरच्या शेवग्याला एक पोळं दिसलं. मी वेळू आणायला निघालो, तर तिनं मला थांबवलं.

"ऱ्हाऊ द्या ते. वांग्यावरच्या अळ्या उचलून नेत्यात त्या, म्या बघितलंय."

"अन् तुला भ्या वाटत न्हाय?"

"वाटतंय की," ती म्हणाली. "म्हणून तर तिकडं जात न्हाय."

आणि बादली उचलून ती गोठ्याकडं गेली.