हुलग्यांचा तलाव आणि दोन पॅनेल

"मावशी, इंदापूरला येतेस? तलाव कसे मरतात ते दाखवते," असं भाचीनं, केतकीनं, फोनवर विचारलं. अशा आमंत्रणाला नाही म्हणणं मला जमत नाही. फेब्रुवारीतल्या शनिवारी स्वारगेटहून बारामतीची विनाथांबा एसटी धरली. सीट स्वच्छ, वाहक उर्मट.

बारामतीत मिसळ खाऊन केतकीच्या गाडीनं वालचंदनगरमार्गे निघालो. हंगामात येणार असाल तर वेळ हाताशी ठेवा. उसाचे दोन-दोन ट्रेलर ओढणारा ट्रॅक्टर रस्त्याच्या मधोमध चालतो आणि स्वतःच्या गाण्यापुढे त्याच्या चालकाला हॉर्न ऐकू येत नाही. मी काच खाली करून दटावलं. "बोला मावशी!" म्हणत त्यानं आवाज आणखी वाढवला.

केतकी संगणकावर तलावाच्या कडेलोटाचं गणित मांडते. पाणी एका मर्यादेखाली गेलं की लोक घाबरून बोअर आणखी खोल नेतात. मग पाऊस चांगला झाला तरी तलाव सावरत नाही. आम्ही चाललो होतो त्या गावचा तलाव या मर्यादेजवळ आला होता. उन्हाळ्यात मोटरींना आवर घालायचा की नाही, हे दुसऱ्या दिवशी ग्रामसभेत ठरणार होतं.

देवळाच्या सभामंडपात तिनं गावकऱ्यांसाठी खेळ मांडला. पातेलंभर हुलगे म्हणजे तलाव. आत एक लाल रेघ. प्रत्येकानं दरवर्षी, म्हणजे दर फेरीला, उसासाठी मूठभर घ्यायचे. रेघेच्या वर राहिले तर केतकी पुन्हा भर घालणार, खाली गेले तर तलाव संपला.

तात्या आणि दत्ताराव हे चुलतभाऊ आपापली माणसं घेऊन समोरासमोर बसले. साखर कारखान्याच्या निवडणुकीत दोघं विरुद्ध पॅनेलांत. दत्तारावांनी एक मूठ घेतली, तात्यांनी दोन.

"तात्या, तुमचं एका मुठीत भागतंय की," केतकी म्हणाली.

"भागतंय. पर त्येनं एक घेतली न्हवं, मग मला दोन!"

दत्तारावांनी ओंजळच घातली. तिसऱ्या वर्षी तळ दिसला.

"माझ्या गणितात हा इतक्या लवकर मरत नाही हो!" केतकी रडकुंडीला आली.

मग पातेलं मी मांडीवर घेतलं. "एकेक मूठ. मूठ म्हणजे मूठ." सगळे शहाण्यासारखे खेळू लागले, वर्षामागून वर्षं गेली.

"मावशी, तू गणितात नाहीस! ऊठ!"

उठले. चहा पिऊन आले तर पातेलं रिकामं. सुरुवात समोरच्यानं केली, यावर दोन्ही पॅनेल ठाम.

"बाई, तुमीच ऱ्हावा हितं उन्हाळाभर," दत्ताराव म्हणाले.

"पुण्यात माझं मांजर आहे. तुम्हा दोघांना सारखंच झापेल असं गावात कोण आहे?"

दोघांनी एकदम खांबाकडं पाहिलं. तिथं त्यांची पारूआत्या तंबाखू मळत बसली होती.

"आत्या न्हाय!" दोघं एका सुरात म्हणाले. मी म्हटलं, मग आत्याच.

ग्रामसभेत तेच ठरलं. मोटरींच्या पेट्यांना कुलपं, किल्ल्या आत्याकडे. ती दिवसाआड उघडून देणार.

परतताना भिगवणला तळलेला मासा खाल्ला. काटे सांभाळा, चव विसरणार नाही.

घरी येऊन तीन महिने झाले. सहल म्हणून विचाराल तर रस्ते बरे, ऊन वाईट, माणसं दमवणारी. मे महिन्यात मात्र आत्या लेकीच्या बाळंतपणाला निघाल्याचं कळलं. केतकीनं घाईघाईनं गावात फोन लावला. जाताना आत्यानं तात्यांच्या पॅनेलच्या किल्ल्या दत्तारावांना दिल्या होत्या आणि दत्तारावांच्या पॅनेलच्या तात्यांना. आता दोघं दिवसाआड बरोबर तलावावर जातात, एकाच क्षणी कुलपं उघडतात आणि घड्याळाकडे बघत उभे राहतात. मिनिटभरही जास्त कुणी कुणाला देत नाही.

"मावशी, तलाव रेघेच्या वर आहे," केतकी म्हणाली. "पण भांडणानंच आटत होता आणि भांडणानंच टिकला, हे गणितात घालू कसं?"

मी म्हटलं, ते तुझं तू बघ. मला रोज दोघांचेही फोन येतात, आमच्या किल्ल्या परत मिळवून द्या म्हणून. मी दोघांनाही नाही म्हणते.