पारूआत्या आणि सायीचा पांढरा

पारूआत्याच्या लग्नाच्या फोटोत दोन बायका आहेत आणि दोघीही तीच आहे. तोंड पिठाच्या डब्यात बुडवून काढल्यासारखं पांढरंफटक, आणि पुढे जोडलेले हात मात्र तिचे स्वतःचे, काळेसावळे. आम्हा बौद्धांमध्ये नवरी पांढरी साडी नेसते. चाळीस वर्षांपूर्वी शिरूर अनंतपाळला आत्याचं लग्न लागलं, तेव्हा घरातल्या बायकांनी ठरवून टाकलं की ही पोर पांढऱ्यात आणखीनच काळी दिसणार. मग पावडरचा अख्खा डबा तिच्या तोंडावर रिकामा झाला. हातांपर्यंत पुरला नाही.

आत्याचे यजमान, म्हणजे आमचे ग्यानोबामामा, एसटीत कंडक्टर होते. तो फोटो दिसला की म्हणतात, "मी पसंत केली एक अन् लगीन लागलं दुसरीसंगं." हा एकच विनोद ते चाळीस वर्षं येईल त्याला तिकिटासारखा फाडून देतात. आत्या हसते. पण तो फोटो तिनं कधी भिंतीवर लावू दिला नाही.

औशाला आत्याचं घर आहे आणि घरातच फॉल-पिकोचं मशीन. साडीला फॉल लावायला आलेली बाई आपली साडी चांगली की वाईट हे विचारणारच, आणि आत्या खरं सांगणारच. त्यातून तिचा नावलौकिक झाला. कुणाला कोणता रंग खुलतो हे पारूबाईला विचारावं, असं औशात कुणीही सांगेल. पैसे ती घेत नाही, आणि म्हणून तोंडही आवरत नाही.

तिची रीत ठरलेली. सकाळी नऊच्या सुमाराला यायचं. साध्या पाण्यानं तोंड धुवायचं, क्रीम-पावडरचं बोटही लावायचं नाही. केस पंच्यानं बांधायचे आणि उजेडाकडे तोंड करून उंबऱ्यावर बसायचं, उन्हात नाही. मग गालाजवळ आधी पितळी ताटली, मग स्टीलची. पितळेनं चेहरा उजळला तर मोहरी, विटकरी, सायीसारखे उबदार रंग. स्टीलनं उजळला तर निळे, गुलाबी, जांभळे. त्यानंतर मॅचिंग सेंटरातून गोळा केलेल्या कातरणांची पिशवी निघते आणि एकेक तुकडा हनुवटीखाली येतो. तुकड्याकडे बघायचं नाही, डोळ्यांखाली बघायचं. काळी वर्तुळं वाढली की तुकडा बाजूला.

"आधी रंग दिसला तर रंग चुकला," आत्या म्हणते. "आधी मानूस दिसलं तर जमला."

माझी आतेबहीण रूपाली एकदा मोबाईलवर बघून सांगत होती, की मनगटाच्या शिरा हिरव्या का निळ्या त्यावरून कळतं. आत्यानं स्वतःचं मनगट बघितलं. "शीर दिसंना माय. मग मी काय नागडी फिरू?"

गेल्या उन्हाळ्यात माझं, म्हणजे महामायाचं, लग्न ठरलं. मुलगा नांदेडचा, आनंदराज. मी आत्याच्याच वळणावर गेलेली, रंगानं आणि जिभेनंही. लहानपणापासून मला पांढरा फ्रॉक कुणी घेतला नाही. "काळ्यावर पांढरं म्हणजे कावळ्यावर चुना," हे मी सख्ख्या माणसांकडून ऐकलंय, तेही लाडानं. माझी आई वाईट नाही, पण लोक काय म्हणतील या विषयात तिनं पीएचडी केलेली आहे. तिनं लातूरच्या एका पार्लरमध्ये 'तीन शेड उजळ'वालं पॅकेज बुकही करून टाकलं.

आत्याला हे कळलं तशी ती पहिल्या गाडीनं लातूरला आली. पाणीही न पिता म्हणाली, "वैनी, पोरीच्या तोंडाला काही थापायचं न्हाई."

"वन्सं, पांढऱ्या साडीत कशी दिसेल ती? फोटो जन्मभर राहतात."

"ते मला सांगू नका. माझा हाय की पेटीत."

शेवटी दोघींचा करार झाला. मला खुलेल असा पांढरा आत्यानं शोधून दाखवायचा. सापडला तर पार्लर रद्द. नाही सापडला तर आई म्हणेल ते, आणि आत्यानं लग्नात एक शब्द बोलायचा नाही. ती अट तिला मरणाहून अवघड होती, तरी तिनं मान्य केली.

मला विचाराल तर मला एवढंच हवं होतं, की माझ्या लग्नात मी असावं. पावडर लावलेल्या कुणा पाहुणीनं माझ्या जागी उभं राहू नये.

एप्रिलच्या शेवटी मी औशाला गेले. ऊन असं की सकाळी आठलाच उंबरा चटका देत होता. पण आत्याचं अंगण गारेगार. मामांनी मोंढ्याच्या बाजारातून रोपवाटिकेवर टाकतात ती हिरवी जाळी आणून अख्ख्या अंगणावर ताणली होती. "अर्ध्या भावात काढली," ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते. उंबऱ्यावर भाजून निघण्यापेक्षा बरं म्हणून आत्यानंही दोन आठवड्यांपासून आपला पाट अंगणात सरकवला होता.

मी तोंड धुतलं, केस बांधले, पाटावर बसले. आत्यानं पांढऱ्याची अकरा कातरणं आणली होती. पांढऱ्यात अकरा पांढरे असतात हे मला त्या दिवशी कळलं. चुन्याचा, दुधाचा, मोत्याचा, कापसाचा, हस्तिदंती, आणखी काय काय. ती एकेक तुकडा धरायची, डोळे बारीक करायची आणि बाजूला ठेवायची. अकराव्यानंतर तिनं आरसा माझ्या हातात दिला. चेहरा महिनाभर कावीळ काढून उठल्यासारखा दिसत होता.

"न्हाई जमत, महामाया," ती म्हणाली. मला रडू आलं. मी लपवलं नाही. आत्याला खोटं बोलता येत असतं तर त्या दिवशी ती नक्की बोलली असती.

तेवढ्यात शेजारच्या केवळाबाई आल्या, त्या भांडायलाच. आठवड्यापूर्वी आत्यानं त्यांना एक राणी रंग पसंत करून दिला होता. पाटावर तो सभ्य, वांगी दिसला होता. जळकोटला भाचीच्या लग्नात नेसल्या तर मांडवात आधी साडी पोचली, मग केवळाबाई. "पारूबाई, फोटोवाला म्हणला, मावशी जरा मागं सरका, कॅमेऱ्यात नवरी बी दिसू द्या. या वयात ऐकावं का मी?"

आत्या खाली बसली. "चुकलं माझं. नजर गेली माझी. मोतीबिंदू झाला असंल." तिनं कातरणांची पिशवी गुंडाळली, तोंड बांधलं आणि कपाटावर टाकली. तिला असं हरलेलं मी कधी बघितलं नव्हतं. माझ्या पांढऱ्याचं दुःख मी घडीभर विसरले.

चारच्या सुमारास साखराबाई दूध घेऊन आल्या. मामा अंगणात बाजेवर बसले होते. त्यांनी पातेल्यात डोकावून पाहिलं आणि तिकीट नसलेला प्रवासी सापडल्यासारखे ताठ झाले. "साखराबाई, दुधाला हिरवी झाक कामून हाय? काय मिसळून राहिल्या तुमी?"

साखराबाईंनी कमरेला पदर खोचला. "पाण्याचं नाव घ्या, ऐकून घेते. पर हिरवं? माझी म्हैस काय पोपट हाय?" त्यांनी मामांच्या हातून पातेलं हिसकावलं आणि तरातरा रस्त्यावर नेलं. "या हिकडं! बघा!"

मामा गेले. रस्त्यावर दूध पांढरंशुभ्र. साखराबाई विजयानं आत आल्या, तर पुन्हा हिरवट. त्या बाहेर गेल्या, पांढरं. आत, हिरवट. तिसऱ्या फेरीला आत्या चहाची गाळणी हातात घेऊन दारात उभी होती. तिनं दुधाकडे बघितलं, मामांच्या हिरवट टकलाकडे बघितलं, आणि मग हळूहळू मान वर केली.

"अहो कंडक्टर," ती म्हणाली, "ती जाळी सोडा."

"अगं अर्ध्या भावात..."

"सोडा म्हणते ना!"

मामांनी एक बाजू सोडली तशी अंगणात आगीसारखं ऊन आलं आणि आम्ही सगळे आपापल्या रंगाचे झालो. आत्या एवढी हसली की तिला खांबाला धरावं लागलं. नजर शाबूत होती. उंबरा सोडला, तिथंच सगळं बिघडलं होतं.

त्या संध्याकाळी ती घरोघरी जाऊन दोन आठवड्यांत रंग घेतलेल्या बायकांची माफी मागून आली. केवळाबाईंनी मात्र साडी बदलायला नकार दिला. घरी मालकांनी तारीफ केली होती म्हणे, पंचवीस वर्षांत पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उंबऱ्यावर. बुडाखाली पाट, बाहेरून स्वच्छ उजेड. पितळी ताटलीनं गाल उजळला. "तरी म्हणलं!" आत्या म्हणाली. चुन्याचा तुकडा बाद, मोत्याचा बाद. नववा तुकडा आला आणि आत्याचा हात थांबला. तापवलेल्या दुधावर साय येते, तिचा रंग. तिनं आरसा दिला. त्यात मला आधी मी दिसले.

तो तुकडा घेऊन मी लातूरला आले, आईसमोर खिडकीत धरला. आई "हूं" म्हणाली. पण पार्लर काही रद्द केलं नाही, हे लग्नाच्या दिवशी हॉलवर कळलं. पार्लरवाली पेटी उघडून बसलेली. मी सायीची साडी नेसून, तोंड धुऊन आले, तर तिचा ब्रश तयारच. आत्या कोपऱ्यात पितळी ताटली पदराखाली धरून उभी होती. करार ती जिंकली होती, तरी माझ्या लग्नात भांडण नको म्हणून तिनं ओठ दाताखाली दाबून धरले होते.

आई माझ्याकडे बघत राहिली. मग ब्रशवाल्या हाताला धरून म्हणाली, "राहू द्या ताई. काजळ तेवढं लावा." पेटी बंद झाली. आत्यानं पदरानं ताटली पुसली, आणि मग डोळे.

महिन्याभरानं अल्बम आला तो घेऊन मी औशाला गेले. आत्यानं चष्मा लावला, उंबऱ्यावर बसली आणि माझ्या फोटोवर अंगठा ठेवून माझा चेहरा झाकला. नुसते हात बघितले. मग हात झाकले आणि चेहरा बघितला. असं दोनदा केलं. मग अंगठा काढून घेतला.

"हाव," ती म्हणाली. "एकच बाई हाय."