भाऊबिजेची नोट

माझ्या पेन्शनचं एटीएम कार्ड धाकट्या बहिणीकडे असतं. का, ते भुसावळला आमच्या जुन्या गल्लीत कुणीही सांगेल. मनाच्या आजाराच्या भरात एका उन्हाळ्यात मी शेजाऱ्यापाजाऱ्यांना कूलर वाटले, तेही हप्त्यांवर घेऊन. गल्ली गार झाली आणि मी दवाखान्यात भरती झालो. पुढे बहिणीने मला जळगावला तिच्या घरी आणलं आणि कार्ड काढून घेतलं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. ही तर पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागली.

गोळ्या सुरू झाल्यापासून मला फारसं काही वाटत नाही. राग येतो, पण अर्ध्या वाटेवरून परत जातो. फक्त भाऊबीज सलायची. त्या सकाळी ती माझ्याच पेन्शनमधली पाचशेची नोट माझ्या हातात द्यायची आणि संध्याकाळी तिने ओवाळलं की मी ती तिच्याच ताटात टाकायचो.

एका वर्षी ठरवलं, ओवाळणी आपली आपण घालायची. दवाखान्यात तपासणीला जाताना ती औषधांचे, रिक्षाचे आणि चहाचे पैसे द्यायची. मी पायी जायचो, चहा टाळायचो आणि नोटा उशीच्या अभ्र्यात सारायचो.

भाऊबिजेला तिने टिळा लावला, ओवाळलं. तिची नोट मी खिशातच राहू दिली आणि दहा-वीसच्या चुरगळलेल्या नोटा ताटात ठेवल्या. तिचा चेहरा उतरला.

"भाऊ, ह्या पैसा कोठला शेतस?"

"मन्हा शेतस."

"गोळ्या बठ्ठ्या लेस ना तू?"

सगळ्या गोळ्या घेतो ना, असं तिने विचारलं, कारण मी औषधं न आणता त्यांचे पैसे मागे टाकले, असं तिला वाटलं. ताट खाली ठेवून ती माझ्या खोलीत गेली. गोळ्यांची पाकिटं चाळल्याचा आवाज येत होता. मी टिळा लावून पाटावर तसाच बसून राहिलो. निरांजन विझलं.

गोळ्या बरोबर निघाल्या. मग मी पायी जायचो ते सांगितलं, तेव्हा ती रडली. मला वाईट वाटलं, पण रडू काही आलं नाही. त्यानंतर ती दवाखान्याची रिक्षा स्वतःच ठरवू लागली, भाडं आधीच चुकतं करून.

पुढच्या भाऊबिजेला सकाळी तिने पाचशेची नोट पुढे केली. मी घेतली. खरं सांगतो, हायसं वाटलं. संध्याकाळी ती ताटात टाकली, तेव्हा कुणी काही विचारलं नाही.