भुईला न लागलेली पावले

दहावा महिना संपत आला तरी माझ्या मुलाचे तळपाय लोण्यासारखे मऊ होते. घरी येणाऱ्या बायका ते गालाला लावून पाहत आणि कौतुक करत. मला मात्र ते पाहिले की धडकी भरे. ज्या अवयवाचा वापरच झालेला नाही तो असा राहतो, एवढे प्राणिशास्त्र मी शिकले होते.

माझे सासर नंदुरबारचे, घर मिरचीच्या व्यापाऱ्याचे. लग्न झाले तेव्हा मी बी.एस्सी. होते आणि पुण्याच्या एका कॉलेजात पुढच्या पदवीसाठी मला जागा मिळालेली होती. तेवढ्यात दिवस गेले. आमच्या प्राध्यापकांनी जागा एक वर्ष राखून ठेवण्याचे कबूल केले आणि त्यापुढे ती दुसऱ्याला द्यावी लागेल, हेही स्पष्ट लिहिले. मूल वैशाखात जन्मले. बाळंतिणीच्या खोलीतच मी सासूबाईंकडे विषय काढला. मी त्यांना आत्याबाई म्हणत असे. त्या माझ्या खाटेखाली शेगडी सारत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पोऱ्या पाय टाकाले लागू दे. मंग खुशाल जाय. मी सांभाळसू त्याले."

मी ते वचन म्हणून घेतले. वचनापेक्षाही मला त्यातली अट आवडली, कारण ती तपासता येणारी होती. माझ्याजवळ बालसंगोपनावरचे एक इंग्रजी पुस्तक होते. तिसऱ्या महिन्यात मान, पाचव्यात कूस बदलणे, सातव्यात बसणे, नवव्यात रांगणे, वर्षाच्या आगेमागे पहिले पाऊल. कॉलेज जूनच्या तिसऱ्या आठवड्यात उघडणार होते, म्हणजे तेव्हा तो तेरा महिन्यांचा असणार. हिशेब जुळत होता. मी एक वही घातली आणि रोज सकाळी तेल लावताना दिसेल ते लिहू लागले. मान वेळेवर धरली, कूसही वेळेवर बदलली. माझा मुलगा पुस्तकाप्रमाणे वाढतो आहे, याचे मला जे समाधान वाटे त्यात माया किती आणि घाई किती, हे मी तेव्हा तपासले नाही.

कार्तिकात मिरची उतरली. अंगण, गच्ची, मागची पडवी, सगळीकडे लाल पसारा झाला. तळोद्याकडून आलेल्या मजूर बायका ओळीने बसून देठ खुडू लागल्या. घरात शिंकल्याशिवाय कोणाचे वाक्य पुरे होईना. आणि त्या दिवसापासून मुलाला खाली ठेवणे बंद झाले. मिरचीच्या घरातला हा नियमच होता. मिरची उतरल्यापासून चैत्रात घर धुतले जाईपर्यंत तान्हे मूल जमिनीला लागत नसे. ते झोळीत असे, नाहीतर कोणाच्या तरी कडेवर किंवा मांडीवर. तो बसायला शिकला तोही आत्याबाईंच्या मांडीवर.

नियमामागचे कारण, जमिनीवर बसणारी मिरचीची धूळ, मला मान्य नव्हते असे नाही. मला वाटले, उपाय आहे. सातव्या महिन्यात एका दुपारी मी मधली खोली दोनदा झाडली, सतरंजी घातली आणि त्याला पालथे ठेवले. शास्त्र शिकलेल्या बाईला एवढे कळायला हवे होते की कोरडा झाडू धूळ काढत नाही, फक्त जागची उठवतो. त्याने सतरंजीवर हात आपटले आणि मग ते डोळ्यांना लावले. तो संध्याकाळपर्यंत रडत होता. आत्याबाईंनी थंड दुधात कापूस भिजवून त्याच्या पापण्यांवर धरला. नंतर शेजारणीला म्हणाल्या, "पुस्तकमा मिरची नही ना लिखेल."

त्यानंतर माझ्या हातून तो जमिनीला लागणार नाही, याकडे सगळ्यांचे लक्ष असे.

देठ खुडणाऱ्यांत एका बाईची मुलगी माझ्या मुलाच्याच वयाची होती. ती अंगणाबाहेर, निंबाखाली गोधडीवर असे. पौषात ती रांगू लागली, आणि माघात निंबाचा बुंधा धरून उभी राहिली. मी मुलाला कडेवर घेऊन दारातून पाहत राही. एकदा मी तिच्या आईला विचारले, "तुझ्या मुलीला मिरची कशी लागत नाही?"

"मी रोज वारा पाहीसन गोधडी टाकस," ती म्हणाली. "आज आठे, काल तठे." मग तिने माझ्या मुलाचा पाय चिमटीत धरला आणि हसली. "बाई, हाऊ पाय मांडी वळखस. भुई वळखस नही."

वाऱ्याची दिशा. ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. पण आली असती तरी उपयोग नव्हता. व्यापाऱ्याची सून मूल घेऊन रस्त्यावरच्या निंबाखाली बसू शकत नव्हती. त्या मजूर बाईला उन्हात राबावे लागे आणि मला सावली होती, हे मला कळत होते. तरीही त्या दिवसांत तिच्या मुलीचा मला हेवा वाटला.

चैत्रात घर धुतले गेले. माळ्यापासून पायरीपर्यंत पाणी वाहिले, गोण्या ओसरीत थप्पी लावून ठेवल्या, आणि मी त्याला बगलांना धरून ओल्या फरशीवर उभे केले. त्याने दोन्ही पाय वर ओढून घेतले. पुन्हा टेकवले, पुन्हा ओढले, आणि माझ्याकडे असे पाहिले, जणू मी त्याला पाण्यात सोडते आहे. पुस्तकातली सगळी मुले जमिनीवर वाढलेली होती, हे तिथे कुठेही लिहिलेले नव्हते. लिहायची गरजच कोणाला वाटली नसावी.

हातात दोन महिने होते. माळ्यावरची खोली मी मागून घेतली. रोज सकाळी खालून दोन घागरी पाणी वर नेऊन ती ओल्या फडक्याने पुसत असे. पहिला आठवडा त्याला माझ्या पावलांवर उभा करून चालवले. मग वाळू पसरलेल्या परातीत त्याचे पाय ठेवले. वाळू त्याला आवडली. तो कधी रांगलाच नाही. बसल्या बसल्या ढुंगणावर सरकू लागला, नंतर ट्रंकेला धरून उभा राहिला. दुपारी खोली भट्टीसारखी तापे. मी पदराने वारा घालत त्याच्यासमोर दोन हात अंतरावर बसे आणि वाट पाही. कधी कधी तो माझ्याकडे बघून हसे आणि तसाच बसून राही. तेव्हा मला त्याचा राग येई. ते मी वहीत लिहिले नाही.

तो चालला तो वर्षाचा होऊन पंधरा दिवस झाल्यावर. ट्रंक सोडली, चार पावले टाकली आणि माझ्या गुडघ्यावर येऊन आदळला. मी त्याला तसाच उचलून खाली नेले आणि आत्याबाईंसमोर उभा केला. त्यांच्यासमोरही तो चालला, तीन पावले. त्यांनी त्याची दृष्ट काढली, हातावर गूळ ठेवला.

"आत्याबाई, कॉलेज वीस दिवसांनी उघडते आहे," मी म्हणाले.

त्यांनी तो गूळ त्याला भरवला. मग म्हणाल्या, "मांडीवर व्हता तवलोंग मी व्हतू. आते हाऊ पयी. आंगनमा आड शे, ओसरीमा गोण्या शेतस. यान्हा मांगे कोन पयी? मन्हा गुडघा पाहिस का तू?"

"तुम्हीच म्हणाला होता, पाय टाकू लागला की जा."

"म्हंतलं व्हतं." त्या खोटे बोलल्या नाहीत. "वरीसभरमा तुन्हं मन लागी जाई, असं वाटनं माले."

त्यांच्या म्हणण्यात चूक नव्हती. ज्या गुडघ्यांनी त्याच्यामागे पळायचे ते खरेच सुजलेले होते, अंगणातल्या आडाला खरेच कठडा नव्हता. मांडीवरचे मूल कोणालाही सांभाळता येते. चालणारे मूल फक्त आईच्या मागे लागते, आणि आई त्याच्या मागे. मी चाळीस दिवस घाम गाळून जे सिद्ध केले होते, त्यानेच माझी बाजू पडली होती.

यजमानांना रात्री जेवताना सांगितले. ते शांत स्वभावाचे, ताटावरून नजर न उचलता म्हणाले, "लिहून टाक त्यांना. पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी जागा नसेल, हे मी सांगितले. "मग त्यापुढच्या," ते म्हणाले, आणि त्यांना वाटले की त्यांनी मला धीर दिला.

पत्र मी दुसऱ्या दिवशी माळ्यावर बसून लिहिले. जागा दुसऱ्या विद्यार्थ्याला द्यावी, एवढाच मजकूर. सही करून मान वर केली तर तो उंबरठ्यापाशी पोहोचला होता. एक हात चौकटीला, एक पाय बाहेर. पलीकडे जिना सुरू होत होता. तो वळून माझ्याकडे पाहत होता, मी काय करते ते. मी उठले, त्याला आत ओढले, आणि दाराची कडी लावली. तो दारावर दोन्ही हातांनी मारू लागला. बराच वेळ मारत होता.