थोरल्या बाई आणि कोंबडीचं प्रकरण

शाळेत त्यांना सगळे थोरल्या बाई म्हणत, आणि त्यांच्या जावेला धाकट्या बाई. दोघी एकाच घरात दिलेल्या, एकाच शाळेत लागलेल्या, आणि यंदा तर सातवीच्या शेजारशेजारच्या तुकड्यांना भाषा शिकवायला उभ्या राहिलेल्या. अ तुकडी थोरलीकडे, ब धाकटीकडे. मधे लाकडाची एक पातळ पडदी. घरी दोघींच्या खोल्यांमध्ये निदान विटांची भिंत होती. शाळेत तेवढाही आडोसा नाही. इकडे कुणी शिंकलं की तिकडचं पोर दचकायचं.

सातवीला एक कादंबरी होती. नावाड्याची मुलगी वादळात होडीसकट भरकटते आणि एका उघड्याबोडक्या बेटाला लागते. सोबतीला काय, तर टोपलीतली कोंबडी. ती मुलगी तिथे कशी तगते, त्याची ही गोष्ट. थोरल्या बाई ती वर्षानुवर्षं वाचून दाखवत आलेल्या. वाचून दाखवत म्हणजे कशा? वादळ आलं की टेबल हलायचं. होडी फुटली की पहिल्या बाकावरची मुलं पाय वर घ्यायची. आणि नववं प्रकरण! मुलगी भुकेने कासावीस झालेली, हातात दगड, समोर कोंबडी. कोंबडी विश्वासाने तिच्या पावलाशी येऊन बसते. मुलगी दगड खाली ठेवते. इथे बाई थांबायच्या आणि चष्मा काढायच्या. तो पुसून होईपर्यंत मागच्या बाकावरचा आडदांड मुलगाही नाक ओढायला लागलेला असायचा. शाळा सोडून संसाराला लागलेले विद्यार्थी रस्त्यात भेटले, तर नमस्काराच्या आधी म्हणायचे, "बाई, ती कोंबडी!" बाईंची आयुष्यभराची कमाई म्हणजे ती कोंबडी.

धाकटीने काय करावं? कादंबरी मुलांच्या हातात दिली आणि वर्गाचे गट पाडले. पाण्याचा गट, आगीचा गट, निवाऱ्याचा गट, जखमांचा गट, अन्नाचा गट. "या मुलीने जे केलं ते खरंच जमतं का, शोधून काढा," असं सांगून स्वतः खुर्ची ओढून कोपऱ्यात बसली. झालं! पडदीपलीकडे बाजार भरला. कुणी मासेवाल्याला प्रश्न विचारून आलं, कुणी डॉक्टरांच्या दवाखान्यात रांग अडवून आलं, कुणी चादरीचं छप्पर उभारलं आणि ते सगळ्या गटाच्या डोक्यावर पडलं. प्रत्येक हशाबरोबर अ तुकडीच्या माना पडदीकडे वळायच्या.

"इकडे बघा! तिकडे काही सिनेमा चाललेला नाही," थोरल्या बाई कडाडल्या.

"बाई, त्यांची आग पेटतच नाहीये," पहिल्या बाकावरची मुलगी कळवळून म्हणाली. "काड्या घासून घासून हाताला फोड आलेत सगळ्यांच्या. किती मजा!"

फोड येण्यात मजा असते, हे बाईंना नवीन होतं. स्वतःच्या तळपायाची आग मात्र काडी न घासताच मस्तकात गेली.

त्यांनी नववं प्रकरण मुद्दाम आधी घेतलं आणि आवाज असा लावला की पडदीने थरथरावं. मुलं रडली, पण बाईंचं लक्ष पलीकडे होतं. पलीकडे चिटपाखरूही नसावं अशी सामसूम. 'गेले असतील मैदानावर गवत पेटवायला,' त्या मनात म्हणाल्या. ऐकणाऱ्यांपेक्षा न ऐकणाऱ्यांचीच माणसाला जास्त टोचणी असते.

त्या संध्याकाळी दोघी ओट्याशी होत्या. थोरली कांदा चिरत होती. डोळ्यांत पाणी असायला एक अधिकृत कारण होतं.

"काय गं, आज काय शोध लावला तुझ्या शास्त्रज्ञांनी?"

"अन्नगटाचं उत्तर आलं, जाऊबाई," धाकटी उत्साहाने म्हणाली. "बेटावर दाणा नाही. म्हणजे कोंबडी वाळत जाणार, अंडीही देणार नाही. तिने पहिल्याच आठवड्यात खायला हवी होती म्हणे."

सुरी थांबली. "म्हणजे माझ्या नवव्या प्रकरणाचा तुम्ही रस्सा केलात!"

"रस्सा आहे का आज?" बाहेरून थोरल्या बाईंच्या यजमानांनी आशेने विचारलं.

"तुम्ही पेपर वाचा!" दोघी एका सुरात म्हणाल्या. तेवढं एकमत त्या घरात अजून शिल्लक होतं.

तशातच मुख्याध्यापिकांनी जाहीर केलं, की पुढच्या वर्षापासून कादंबरी दोन्ही तुकड्यांना एकच शिक्षिका शिकवेल. पालकांसमोर दोन्ही वर्गांनी आपापलं काम मांडावं, मग ठरवू. थोरल्या बाईंच्या मनात एकच आलं. कोंबडी हातची जाणार!

"गटच हवेत ना? आम्हालाही पाडता येतात," त्या यजमानांना म्हणाल्या. आणि खरंच पाडले, हजेरीच्या क्रमाने, म्हणजे भांडण नको. पण मुलांनी शोधत बसायचं, चुकायचं, पुन्हा शोधायचं, यात किती वेळ जातो! आणि चुकीचं उत्तर दिसत असताना गप्प बसणं बाईंना जन्मात जमलेलं नव्हतं. तेव्हा त्यांनी स्वतःच ग्रंथालयात बसून सगळं शोधलं, वर्गात आल्या आणि म्हणाल्या, "चला, संशोधन लिहून घ्या."

मुलांनी शहाण्यासारखं लिहून घेतलं. पाठही केलं.

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृह पालकांनी भरलेलं. अ तुकडीचा पाण्याचा गट पुढे आला. त्यांच्या पुढाऱ्याने हात मागे बांधले आणि सुरुवात केली, "आमच्या गटाने पुष्कळ परिश्रम करून असे शोधून काढले, की समुद्राचे पाणी पिण्यास अयोग्य असते, पूर्णविराम, खाली दोन बोटं जागा सोडा, खिडकीतल्याने बाहेर बघू नये."

सभागृहात कुठूनतरी खुदकन हसू आलं. आगीचा गट आला. त्यांनीही पुष्कळ परिश्रम केले होते, आणि खिडकीतल्याने बाहेर बघू नये हे त्यांनीही शोधून काढलं होतं. जखमांच्या गटापर्यंत पालक डोळे पुसत होते. आयुष्यभर बाईंनी लोकांच्या डोळ्यांत पाणी आणलं होतं, पण ते हे नव्हे.

ब तुकडीचं सादरीकरण तसं कच्चंच झालं. छप्पर पुन्हा पडलं, आग नाहीच पेटली. पण का पेटली नाही, हे सांगताना दोन मुलं अशी भांडली की पालकही बाजू घ्यायला लागले. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं थोडंच राहतं? मुख्याध्यापिकांनी कादंबरी धाकटीला दिली.

घरी येऊन थोरल्या बाई खुर्चीत बसल्या त्या बसल्याच. यजमान पेपरामागे दडले. धाकटी आली, चहाचा कप पुढे ठेवला आणि समोर उभी राहिली.

"अभिनंदन," थोरली भिंतीला म्हणाली.

"जाऊबाई, एक विचारू? नववं प्रकरण तुम्ही याल का वाचायला?"

"कशाला? तुझ्या अन्नगटाने शिजवलंय ना ते!"

"मला वाचता येत नाही हो ते." धाकटीचा चेहरा रडवेला झाला. "दगड उचलला की माझाच गळा दाटतो. वर्गासमोर रडायची लाज, म्हणून अन्नगटाच्या गळ्यात घातलं. तुम्ही वाचलंत ना, त्या दिवशी आमचा आख्खा वर्ग पडदीला कान लावून उभा होता. मीसुद्धा. अन्नगटाची पोरं तर सगळ्यात जास्त रडली. मला इतका राग आला तुमचा! मी महिनाभर गट गट करून घसा कोरडा करतेय, आणि तुम्ही नुसता चष्मा काढलात तर माझी मुलं तुमची झाली."

पेपर हळूच खाली आला.

"राग म्हणजे?" थोरल्या बाईंनी कप उचलला. "नुसता राग, की जळलीस?"

"जळले."

"नीट सांग. उभी का? बैस ना. कधीपासून?"

"वादळापासूनच."

"वादळापासून!" बाईंचा चेहरा असा उजळला, की यजमानांनी दिवा लावायला उठायचा बेत सोडून दिला. "अगं, आणि मला वाटलं मैदानावर गेलात! बरं, चष्मा काढला तेव्हा किती जळलीस?"

पुढच्या वर्षी नवव्या प्रकरणाच्या दिवशी थोरल्या बाई पलीकडच्या वर्गात गेल्या. वाचलं, थांबल्या, चष्मा काढला, पुसला. सगळं जिथल्या तिथे झालं. मग अन्नगटाने हिशेब मांडायला सुरुवात केली, तो साफ चुकीचा. बाईंची जीभ वळवळली. "अगं, असं नव्हे, लिहून घ्या—"

"बाई," गटाची पुढारी, वीतभर मुलगी, नाक ओढत म्हणाली, "आमचं आम्हाला शोधू द्या ना. आणि बोलायचं असेल तर आधी हात वर करायचा."

थोरल्या बाईंनी कोपऱ्यातल्या धाकटीकडे पाहिलं. ती पदरात तोंड घालून हसत होती. मेलीच्या मुलीसुद्धा कशा तिच्यासारख्याच! पुन्हा थोडं जळून घेऊन बाईंनी हात वर केला.